वडवानलाचा हिशोब

लखनऊचे अमीनाबाद ज्यांनी पाहिले नसेल, त्यांनी आपल्या पुण्याची तुळशीबाग आणि मुंबईची मंगळदास मार्केट एकत्र कल्पून पाहावी, म्हणजे त्या गर्दीची थोडीफार कल्पना येईल. अवधचे नबाब अमजद अली शाह यांचे वजीर अमीनुद्दौला यांच्या नावावरून ह्या पेठेस नाव पडले. चिकनचे कपडे, पुस्तके, अत्तरे, मिठाया, आणि शेजारच्या ‘गडबडझाल्यात’ बांगड्या व बायकांच्या प्रसाधनाच्या शेकडो वस्तू! दुपार कलली की येथे पाय ठेवावयास जागा उरत नाही. येथून थोड्याच अंतरावर कैसरबागेत पंडित भातखंड्यांनी १९२६ साली उभारलेले संगीत विद्यालय आहे. त्यामुळे मराठी माणसास ह्या भागात अगदीच परके वाटत नाही.

माझे मामा गेली कित्येक वर्षे ह्या शहरी राहतात. मानकनगर येथील रेल्वेच्या संशोधन व मानक संघटनेत नकाशे काढण्यात त्यांची उमर गेली. १९५७ साली स्थापन झालेली ही संस्था डब्यापासून रुळापर्यंत रेल्वेच्या प्रत्येक वस्तूचे मोजमाप ठरविते. मामांचा मुलगा मात्र नोकरीच्या वाटेस गेला नाही. त्याची सीएनजीवर चालणारी एक मालवाहू तीनचाकी गाडी आहे, आणि अमीनाबादच्या दुकानांतून चिकनच्या कपड्यांचे गठ्ठे उचलून ते शहरभर पोचविणे हा त्याचा व्यवसाय. मागल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे राहावयास गेले असता एका रात्री जेवताना त्याने मोठ्या उत्साहाने बातमी दिली.

“ताई, आता माझी गाडी पाण्यावर चालणार!”

एका विक्रेत्याने त्याला एक यंत्र दाखविले होते. एक लहानसा डबा, त्यात पाणी व थोडा क्षार, आणि त्याला जोडलेल्या दोन तारा. गाडीच्या बॅटरीवर त्या पाण्यापासून हायड्रोजन निघतो, तो इंजिनात जातो आणि गॅसचा खर्च एक तृतीयांशाने कमी होतो, अशी त्याची खात्री पटविण्यात आली होती. वर, सरकारनेच हायड्रोजनची मोहीम काढली आहे, मग हे खोटे कसे असेल, असा दाखलाही जोडलेला होता. मुलाने महिन्याच्या मिळकतीचा चांगला हिस्सा बयाणा म्हणून देऊनही टाकला होता, आणि उरलेली रक्कम मामींच्या बचतीतून मिळावी अशी त्याची विनंती होती.

मामींनी माझ्याकडे पाहिले. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त भाकरीचा तुकडा ताटात ठेवला व विचारले, “त्या डब्याला वीज कोठून मिळते?”

“बॅटरीतून, बाबा.”

“आणि बॅटरीला?”

“इंजिनातून.”

“आणि इंजिनाला?”

मुलगा क्षणभर थांबला आणि हळूच म्हणाला, “गॅसमधून.”

वाचकहो, ह्या तीन प्रश्नांत हायड्रोजनचा सगळा वाद सामावलेला आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. हा वाद अमीनाबादेतील एका तीनचाकीपुरता नाही. जगभरच्या संसदांतून आणि कारखान्यांतून तो चालू आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरातील शेगडीपर्यंत तो येऊन पोचण्याची चिन्हे आहेत. म्हणून ह्या वेळी त्याचाच विचार करू.

आपल्या पुराणांत वडवानलाची कल्पना आहे. समुद्राच्या पोटात पाण्यावरच जगणारा अग्नी! १७६६ साली हेन्री कॅव्हेंडिश ह्या शास्त्रज्ञाने जळणारी एक हलकी वायू वेगळी ओळखली आणि ती जळली की पाणी होते असे पुढे सिद्ध झाले, तेव्हा वडवानल खराच सापडला असे कोणासही वाटावे. परंतु येथेच एक मोठा घोटाळा होतो. हायड्रोजन जळून पाणी होते. म्हणजे पाणी हे हायड्रोजनचे सरपण नसून त्याची राख आहे. चुलीतील राखेस पुन्हा लाकडाचे रूप द्यावयाचे, तर लाकूड जळताना जेवढी उष्णता निघाली तेवढी तरी तिला परत द्यावीच लागेल. पाण्याचेही तसेच. एक किलो हायड्रोजन जळला असता उपयोगी पडणारी उष्णता सुमारे ३३ युनिटे विजेइतकी असते. आणि पाण्यापासून तो एक किलो काढावयास आजच्या चांगल्या यंत्रांनाही ५० ते ५५ युनिटे वीज लागते. म्हणजे हायड्रोजन ही कमाई नव्हे; ती तिजोरी आहे. जेवढे आत ठेवावे त्याहून थोडे कमीच बाहेर यावयाचे.

त्या विक्रेत्याच्या डब्याचे गणित ह्यावरून उघड होते. इंजिन गॅस जाळून वीज करणार, ती वीज पाणी फोडणार, आणि त्यातून निघालेला हायड्रोजन पुन्हा इंजिनास मिळणार. प्रत्येक टप्प्यावर घट आहे. हायड्रोजनच्या चिमूटभर मिश्रणाने ज्वलनात थोडा फरक पडत असेल. पण एक तृतीयांश इंधन त्यातून निर्माण व्हावयाचे नाही. त्यात हायड्रोजन व ऑक्सिजन एकत्रच निघत असतील, तर ते मिश्रण ठिणगीस अत्यंत हपापलेले असते, हे निराळेच!

मग सरकारची मोहीम कशासाठी? हा प्रश्न मामींनी विचारला, आणि तो रास्त होता.

हे स्वप्न तसे जुने आहे. जे. बी. एस. हाल्डेन हे ब्रिटिश शास्त्रज्ञ १९५७ साली भारतात आले, येथलेच नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचा अंत झाला. त्यांनी १९२३ मध्ये केंब्रिज येथे वाचलेल्या निबंधात एक चित्र रंगविले होते. कोळसा संपल्यावर देशभर पवनचक्क्या उभ्या राहतील, वारा भरपूर असेल तेव्हाची जादा वीज पाणी फोडावयास लावली जाईल, आणि द्रवरूप हायड्रोजन जमिनीखालच्या टाक्यांत साठवून वारा पडेल त्या दिवसासाठी राखला जाईल. वारा आणि ऊन आपल्या सोयीने येत नाहीत, म्हणून त्यांची वीज साठविण्यास काहीतरी हवे, हा त्यातला विचार आजही खरा आहे.

आपल्या देशाने तर ह्याचा अनुभवही घेतला आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. भाक्रा धरणाच्या विजेवर नांगल येथे १९६१ च्या सुमारास खतांचा कारखाना सुरू झाला. त्यात हायड्रोजन निघत असे तो तेलातून अथवा कोळशातून नव्हे, तर सतलजच्या पाण्याचे विजेने विघटन करून. त्याच प्रक्रियेच्या आधारे १९६२ साली देशाचा पहिला जडपाण्याचा कारखाना तेथेच उभा राहिला. आज ज्यास ‘हरित हायड्रोजन’ म्हणतात, तो साठ वर्षांपूर्वी आपल्या येथे शेतासाठी खत करीत होता! परंतु पुढे भाक्र्याच्या विजेस घरे, विहिरींवरील पंप आणि गिरण्या असे अनेक मागणीदार झाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कारखान्याचा विस्तार झाला, तो तेलापासून हायड्रोजन काढण्याच्या रीतीने. नांगलचा धडा असा, की हायड्रोजनची किंमत म्हणजे मुख्यतः विजेची किंमत. आणि विजेस दुसरे अधिक निकडीचे काम असेल, तर हायड्रोजनला रांगेत मागे उभे राहावे लागते.

आता रंगांचा घोळ पाहा. ही वायू स्वतः रंगहीन आहे. परंतु ती कोठून आली त्यावरून लोकांनी तिला रंग दिले आहेत. नैसर्गिक वायूपासून केलेला हायड्रोजन ‘करडा’. एक किलो हायड्रोजनमागे सुमारे ९ ते १० किलो कर्बवायू हवेत जातो. कोळशापासून केला तर सुमारे दुप्पट. नैसर्गिक वायूपासूनच करून कर्बवायू पकडून जमिनीत गाडला तर ‘निळा’. आणि ऊन-वाऱ्याच्या विजेने पाण्यापासून काढला तर ‘हिरवा’. निळ्याविषयी २०२१ साली अमेरिकेतील हॉवर्थ व जेकबसन ह्या दोन प्राध्यापकांनी एक हिशोब प्रसिद्ध केला. विहिरींतून व नळांतून गळणारा मिथेन धरला, तर उष्णतेसाठी निळा हायड्रोजन वापरण्यापेक्षा तो नैसर्गिक वायू सरळ जाळणेच परवडले, असा त्यांचा निष्कर्ष होता. इतर तज्ज्ञांनी त्यांची गृहीते फार कडक आहेत असे म्हटले, आणि तो वाद अजून शमलेला नाही.

हिरव्याविषयी मात्र सामान्य माणसासही एक हिशोब करता येतो. आपल्या घरी तारेतून येणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून मोठा आहे. सरासरीने एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू निघतो. अशी ५० युनिटे वापरून एक किलो हायड्रोजन केला, तर ३५ किलो कर्बवायू पदरात पडतो. करड्याच्या साडेतीन पट, कोळशाहूनही अधिक! पाण्यापासून काढला एवढ्याने तो हिरवा होत नाही. म्हणूनच भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये व्याख्या ठरविली की, एक किलो हायड्रोजनमागे वर्षाच्या सरासरीने दोन किलोंहून अधिक कर्बवायू निघता कामा नये. व्याख्या चांगली आहे. खरी कसोटी तिच्या अंमलबजावणीत लागेल.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेस ४ जानेवारी २०२३ रोजी मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद, आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादन हे उद्दिष्ट. त्यासाठी सुमारे १२५ गिगावॅट नवी सौर व पवन वीज उभारावयाची आहे. महाराष्ट्राने २०२३ साली व उत्तर प्रदेशाने २०२४ साली आपापली धोरणे जाहीर केली. ५० लाख टनांस ५२ युनिटांच्या दराने सुमारे २६,००० कोटी युनिटे वीज लागेल; २०२३-२४ साली देशात झालेल्या एकूण विजेचा तो जवळजवळ सातवा हिस्सा होय. एवढे मोल देऊन मिळणारी वस्तू कोणत्या कामास लावावी, हाच ह्या वादाचा गाभा आहे.

“मी सांगतो,” मामा म्हणाले. “मानकनगरला आमच्या संस्थेने हायड्रोजनच्या आगगाडीची मानके बसविली. २०२५ च्या जुलैत चेन्नईच्या कारखान्यात तिच्या इंजिनडब्याची चाचणी यशस्वी झाली. जिंद ते सोनीपत मार्गासाठी ती आहे. दहा डब्यांची गाडी, दोन्ही टोकांस बाराशे किलोवॅटचा एकेक शक्तिडबा. धूर नाही, फक्त पाण्याची वाफ. तू तिला नावे ठेवणार काय?”

“नाही, मामा. पण तुमच्याच खात्याने जवळजवळ सर्व मोठ्या रुळांवर विजेच्या तारा टाकल्या आहेत ना? तारेतून वीज सरळ इंजिनास मिळते. तीच वीज पाण्यात घालून, वायू काढून, दाबून, वाहून, पुन्हा वीज करावयाची, म्हणजे शंभरातले तीस तरी हाती येतील काय?”

मामा हसले. निवृत्त माणसास आपल्या कामाचा अभिमान असतोच. पण नकाशाचा माणूस आकड्यास नाकारीत नाही. “तारा आहेत तेथे तारच बरी,” ते म्हणाले. “पण जुन्या डोंगरी मार्गांवर, जेथे तारा टाकणे शोभत नाही किंवा परवडत नाही, तेथे काय करशील? आणि हायड्रोजन कसा भरावा, कसा सांभाळावा, हे एकदा तरी करून पाहिल्यावाचून कसे कळणार?” त्यांचा मुद्दा मला पटला. प्रयोगास प्रयोगाचे मोल असते. फक्त प्रयोगास रामबाण म्हणू नये. पुण्यातही २०२२ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व एका खाजगी कंपनीने मिळून तयार केलेली हायड्रोजनची बस लोकांस दाखविण्यात आली. तिचेही महत्त्व असेच मानावे.

लहान गाड्यांच्या बाबतीत मात्र निकाल अमीनाबादच्या रस्त्यानेच दिलेला आहे. तेथे दर चार पावलांवर बॅटरीची रिक्षा आडवी येते. शंभर युनिटे वीज बॅटरीत भरली तर सत्तरीहून अधिक चाकांपर्यंत पोचतात. हायड्रोजनच्या मार्गाने तीस पोचली तरी पुष्कळ. शिवाय साध्या दाबाखाली एक किलो हायड्रोजन सुमारे १२ घनमीटर जागा अडवितो, एका लहान खोलीच्या निम्म्याइतकी! म्हणून गाडीत तो हवेच्या सातशेपट दाबाने कोंडावा लागतो. अशा टाकीचा खर्च एका गठ्ठेवाल्यास कसा पेलावा?

मामींची चिंता स्वयंपाकघराची होती. उत्तर प्रदेशात गोरखपूरजवळ २०२५ च्या ऑगस्टमध्ये नगरवायूत थोडा हायड्रोजन मिसळण्याचा प्रकल्प सुरू झाल्याचे त्यांनी वाचले होते. सुरतेजवळ कवास येथे असा प्रयोग २०२३ च्या जानेवारीपासून झालेला आहे. “शेगडी बदलावी लागेल का गं?” त्यांनी विचारले. अल्प प्रमाणात मिसळल्यास तशी गरज नसते. पण फायदा किती, तेही पाहावे. आकारमानाने पाहता हायड्रोजनमध्ये नैसर्गिक वायूच्या सुमारे एक तृतीयांशच उष्णता असते. त्यामुळे नळातील वायूत शेकडा २० भाग हायड्रोजन मिसळला, तरी कर्बवायू सुमारे ७ टक्क्यांनीच घटतो. शेकडा ५ भाग मिसळला तर दीड टक्क्याच्या आसपास. त्याहून अधिक मिसळावयाचे तर शेगड्या, मापके आणि कित्येक ठिकाणी नळही बदलावे लागतील, कारण ही अतिसूक्ष्म वायू काही जातींच्या पोलादात शिरून ते ठिसूळ करते. ज्या घरी खात्रीची वीज आहे तेथे विजेची शेगडी हाच सरळ मार्ग होय.

सुरक्षिततेविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. हवेत शेकडा ४ पासून ७५ पर्यंत कोणत्याही प्रमाणात हायड्रोजन पेट घेऊ शकतो. त्यास वास नाही, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसतही नाही. उलट तो इतका हलका आहे की मोकळ्या जागी झटकन वर निघून जातो; कारखान्यांतून तो कित्येक दशके सांभाळून वापरला जात आहे. म्हणजे भय बाळगण्याचे कारण नाही, पण बंद खोलीत अथवा अमीनाबादेच्या बोळात हौशी माणसाने त्याच्याशी खेळूही नये. आणखी एक गोष्ट अलीकडे ध्यानी आली आहे. गळून हवेत गेलेला हायड्रोजन स्वतः उष्णता कोंडीत नसला, तरी हवेतील मिथेनचा नाश करणारे रेणू तो खाऊन टाकतो आणि मिथेनचे आयुष्य वाढवितो. शंभर वर्षांच्या हिशोबात त्याचा परिणाम तेवढ्याच वजनाच्या कर्बवायूच्या दहा-बारा पट होतो असा अंदाज आहे. हिरवा असला तरी त्यास गळू देणे परवडणारे नाही.

मग तो लावावा कोठे? जेथे तार पोचत नाही आणि जेथे हायड्रोजन हे इंधन नसून कच्चा माल आहे, तेथे. एक टन अमोनिया करावयास सुमारे १७७ किलो हायड्रोजन लागतोच. विजेची तार जोडून युरिया होत नाही. आपल्या देशातील आजचा बहुतेक हायड्रोजन खतांच्या आणि तेलशुद्धीच्या कारखान्यांत खपतो, आणि तो जवळजवळ सगळा करडा आहे. जगाचीही हीच स्थिती आहे. २०२३ साली जगात सुमारे ९.७ कोटी टन हायड्रोजन वापरला गेला, त्यात स्वच्छ मार्गाने केलेला एक टक्काही नव्हता. तेव्हा नवे गिऱ्हाईक शोधण्यापूर्वी जुन्या गिऱ्हाइकाची वस्तू स्वच्छ करणे हेच पहिले काम. दुसरे काम पोलादाचे. लोहखनिजातील ऑक्सिजन काढावयास आज कोक लागतो, तेच काम हायड्रोजन करू शकतो. शेतकऱ्याचे खत आणि घराच्या सळया स्वच्छ झाल्या, तर ह्या महागड्या वायूचे सार्थक होईल. तीनचाकीत आणि शेगडीत ती खर्चणे म्हणजे केशराने भिंत रंगविणे होय.

असो. दुसऱ्या दिवशी मामेभाऊ बयाणा परत मागावयास गेला. विक्रेत्याने पैसे दिले नाहीत, आणि त्याच्या पावतीवर पत्ताही नव्हता. मुलगा रात्री उशिरा घरी आला तो मान खाली घालूनच. मामा रागावतील असे मला वाटले होते. परंतु त्यांनी कपाटातून आपली जुनी मोजपट्टी व एक कोरी वही काढली, आणि मुलास शेजारी बसवून पहिल्या पानावर दोन रकाने आखले. एका बाजूस आजच्या गाडीचा दिवसाचा गॅस, चाकांतील हवा, दुरुस्ती. दुसऱ्या बाजूस बॅटरीच्या मालवाहू गाडीचा हप्ता, विजेचे युनिट, आणि बॅटरी किती वर्षांनी बदलावी लागेल त्याचा वाटा. काही आकडे त्यांना माहीत नव्हते. तेथे त्यांनी प्रश्नचिन्ह घातले आणि ते विचारून आणण्यास मुलास सांगितले.

कोणी आपल्यापुढे नवे इंधन ठेवले, तर मामांचे प्रश्न आपणही विचारावेत. त्याची शक्ती कोठून आली? वाटेत किती गळाली? आणि हेच काम सरळ मार्गाने झाले नसते काय? उत्तर देणारा मंत्री असो, कारखानदार असो किंवा बाजारातला डबेवाला असो, प्रश्न तेच राहतात. मी निघाले त्या सकाळी वहीतील दोन प्रश्नचिन्हांच्या जागी आकडे आले होते. तिसऱ्यासाठी मामेभाऊ अमीनाबादेत एका बॅटरीवाल्याची वाट पाहात उभा होता.